भिसेगावचा फळा आणि साजगावचा कॅमेरा

कर्जत स्टेशनातून भिसेगावच्या बाजूला बाहेर पडलं की पदूची पिठाची गिरणी लागते, आणि गिरणीच्या भिंतीला एक काळा फळा आहे. वर ऑइलपेंटनं 'वार्ताफलक' असं लिहिलेलं. आता वार्ताफलक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येणार? कोणाचं तेरावं, नळाचं पाणी, नाहीतर 'नेहमी खरे बोलावे' असला एखादा सुविचार. इथं यातलं काही नसतं. इथं सिनेमा असतो, नवी यंत्रं असतात आणि कंप्युटर कंपन्यांच्या मालकांची उणीदुणी असतात. लिहिणारे दशरथ बडेकर, वय चौसष्ट, साजगावच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यातून मेकॅनिक म्हणून निवृत्त. सगळे त्यांना नाना म्हणतात. सकाळी सहाला फडकं, खडू आणि स्टूल घेऊन हा माणूस हजर म्हणजे हजर. घरी पाहुणे असले तरी हजर.

सवय कारखान्यातली. युनियनचा गेटवरचा फळा सदतीस वर्षं नानांनी लिहिला. निवृत्तीनंतर दुसऱ्याच दिवशी ते खडू घेऊन घरभर फिरायला लागले, तेव्हा बायको ललितानं हात जोडले. "अहो, माझ्या भिंती सोडा. काय लिवायचं ते गिरणीवर जाऊन लिवा, लोकांना तरी ताप होऊ द्या."

लोकांना ताप नाही झाला. लोक थांबायला लागले. एका दिवसाचा फळा असा होता:

'सिनेमा. काल तीन तास बसलो. नायकानं एका हातानं ट्रक थांबवला. आमच्या कारखान्यात ट्रक थांबवायला एक वॉचमन पुरतो आणि तो नुसती शिट्टी वाजवतो. गर्दी कंप्युटरवर केली आहे. खऱ्या गर्दीत एक जण तरी नाक खाजवत असतो, यात कोणीच नाही.

यंत्र. फोनचं नवं मॉडेल आलं. जुन्यात आणि नव्यात काय फरक? किंमत.

राजकारण. जगातल्या मोठ्या कंप्युटर कंपन्यांचे मालक निवडणुकीआधी एकाला नावं ठेवतात आणि तो जिंकला की त्याच्याच मांडवात पहिल्या रांगेत बसतात. आपल्या सोसायटीच्या निवडणुकीतही असंच होतं. आपल्याकडे निदान जेवण असतं.'

कोणी म्हणायचं, "नाना, तिकडं परदेशात काय व्हायचं ते होऊ दे, आमाला काय त्याचं?" नाना वळूनही न बघता म्हणायचे, "तुज्या खिशात परदेश वाजतोय रं, आधी तो उचल."

मोठ्या कंपन्यांनी माणसं काढली, अशी बातमी आली त्या दिवशी मात्र फळ्यावर गंमत नव्हती. 'यंत्र शिकलं म्हणून माणसं काढली, असं कंपनी सांगते. माणसं काढायचीच होती म्हणून यंत्र शिकवलं, असं काढलेली माणसं सांगतात. कारखान्यात उमर गेली माझी. दोन्ही खरं असू शकतं.' एवढंच लिहून नाना घरी गेले.

सिनेमा बघायची त्यांची रीत निराळी. आधी खोपोलीला थेटरात जाऊन बघायचा. मग तोच फोनवर आला की आवाज पूर्ण बंद करून पुन्हा बघायचा. कारखान्याच्या शेडमध्ये मशीनचा इतका गोंगाट असायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, सगळा कारभार हातांवर चालायचा. त्यामुळे माणूस खरं काय म्हणतोय ते हातांवरून कळतं, तोंडावर भरवसा ठेवू नये, असं नानांचं पक्कं मत. ललिता म्हणायची, "मग माज्याशी बोलताना तरी हात दाखवत जा, तोंड किती वाजवता."

फळ्याची एक वाचक म्हणजे रुचिता पारधी. डोंगराच्या अंगच्या ठाकूरवाडीतली, सत्तावीस वर्षांची. पाऊण तास चालत खाली उतरायची, गिरणीपाशी कंपनीच्या बसची वाट बघायची आणि तोवर फळा वाचून काढायची. नुसती वाचायची नाही, भांडायचीही. "नाना, तुमी त्या ट्रकवाल्याला उगाच शिव्या घातल्या. मला आवडला तो पिक्चर. आमच्या वाडीत ट्रक येतच नाय, मग कोन कसा थांबवतो ते बघायला नको?" नाना हसून स्टुलावरून उतरायचे. अशी वाचक मिळायला नशीब लागतं.

रुचिता नानांच्याच कारखान्यात पंचिंग मशीनवर होती. पुठ्ठा आत जातो, पातं दाबलं जातं, खोक्याचा आकार कापून बाहेर येतो. नानांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात ती कामाला लागली आणि नानांनीच तिला त्या मशीनवर उभी केली. गेली चार वर्षं ती कंत्राटदाराची माणूस होती. येत्या एक नोव्हेंबरला ती कायम होणार होती. कायम म्हणजे काय ते पगारदाराला नाही कळायचं. कायम म्हणजे आजारी पडलं तरी नोकरी राहणार, दवाखान्याचं कार्ड मिळणार, आणि उद्या येऊ नको असं कोणी गेटवरून सांगणार नाही. त्या वाडीतलं एकही माणूस आजवर कुठं कायम झालं नव्हतं. वाडीतल्या बायका तिला आताच 'कायम' म्हणून हाक मारायला लागल्या होत्या.

आणि मग पावसाळ्यात कारखान्यात कॅमेरे आले.

साधे नव्हेत, शिकलेले. बघणार, ओळखणार, आणि कोण झोपला, कोण फोनवर बोलला ते स्वतःच लिहून ऑफिसात पाठवणार. पहिले दोन पंचिंग मशीनवर लागले. बातमी ऐकून नाना खूश झाले. का, तर सदतीस वर्षं त्यांनी सुपरवायझरांच्या चुगल्या सोसल्या होत्या. आपला माणूस झोपला तर पांघरूण घालायचं आणि दुसऱ्याचा डोळा लागला तर रिपोर्ट. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत आलं: 'कॅमेऱ्याला जात नाही, पाहुणा-रावळा नाही. चहा पाजून तो फितत नाही. कॅमेरा खोटं बोलत नाही.'

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! कारखान्याचे एचआरवाले किरण साहेब रोज भिसेगावातूनच जायचे. त्यांनी फळ्याचा फोटो काढला आणि शेवटचं वाक्य छापून गेटच्या नोटीस बोर्डावर लावलं, खाली 'दशरथ बडेकर, निवृत्त कामगार' असं नाव टाकून. नाना चार दिवस जमिनीला पाय लावत नव्हते. ललिता म्हणाली, "नवरा भिंतीला लागला. आता हार तेवढा घालायचा राहिला."

नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी सकाळी बस आली, भरली आणि निघून गेली. रुचिता चढली नाही. ती फळ्यासमोर उभी होती, पण वाचत नव्हती.

"काय गं, बस सोडलीस?"

"मला काढलंय, नाना. चौकशी व्हईपर्यंत येऊ नको म्हनले. मी मशीनवर एका दिवसात एकोणीस वेळा फोनवर बोलले, असं कॅमेऱ्यानं लिवून दिलंय. नोटीस लावलीय गेटवर, माज्या नावानं. तुमच्या वाक्याच्या खाली."

नाना स्टुलावरच थबकले. फोन तर गेटवर जमा करावे लागतात, हे त्यांनाही माहीत होतं. पण माणूस आपल्या वाक्याच्या किती प्रेमात असतो बघा. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "खरं सांग हां. दुसरा फोन नव्हता ना तुज्याकडं?"

रुचितानं त्यांच्याकडे बघितलं. रडली नाही, ओरडली नाही. "तुमी बी?" एवढंच म्हणाली आणि वाडीच्या रस्त्याला लागली.

नानांनी त्या दिवशी फळा लिहिला नाही. घरी येऊन ललिताला सांगितलं तर ती हातातली भाजी ठेवून उठली. "लाज वाटली का विचारताना? चार वर्षं ती पोर तुमच्याशी फळ्यापाशी भांडती, कवा खोटं बोलली? का चौकशी बसवलीत तिच्यावर? कारण तुमचं वाक्य भिंतीला लागलंय! जावा आणि बघून या काय ते. आणि ते निस्तरल्याबिगर परत फळ्याला हात लावलात तर मी पुसून टाकीन."

दुसऱ्या दिवशी नाना कारखान्यात गेले. युनियनच्या लोकांनी त्यांना रुचिताच्या बाजूनं चौकशीला बसायला सांगितलं होतं, त्यामुळे किरण साहेबांना नाही म्हणता आलं नाही. साहेब माणूस वाईट नव्हता, पण कंप्युटरातून बाहेर आलेल्या कागदाला तो पोथीसारखा मान द्यायचा. त्यांनी कॅमेरा कंपनीच्या ओमकारला बोलावलं. पोरगेलासा इंजिनियर, लॅपटॉप घेऊन आला.

"काका, यात आवाज नाही हं," ओमकार म्हणाला.

"आवाज कशाला पायजे मला?" नाना चष्मा लावून पुढे सरकले.

पडद्यावर रुचिता. डोक्यावर कंपनीची टोपी. मशीन थांबलं. तिनं उजवा हात आत घालून अडकलेला तुकडा काढला. मग तोच हात मशीनच्या अंगाला लावला, उचलला, कानशिलाला टेकवला, क्षणभर ठेवला, आणि डाव्या हातानं बटण दाबलं. तिच्या हाताभोवती लाल चौकोन आला. बाजूला इंग्रजीत काहीतरी.

"हे बघा, फोन," किरण साहेब म्हणाले.

हा हात नानांच्या ओळखीचा होता. हा हात त्यांनीच शिकवला होता.

नानांचे उस्ताद होते बुधाजी. दोन बोटं मशीनला देऊन बसलेले. त्यांनी नव्या पोरांना एकच मंत्र घोकून घेतला: मशीनच्या आत गेलेला हात बाहेर आला की मशीनला लावायचा, मग कपाळाला लावायचा, आणि मगच बटण दाबायचं. लोकांना वाटायचं, म्हातारा भाविक आहे. बुधाजी म्हणायचे, "देव राहू दे बाजूला. हात कपाळाला लागला म्हंजे तो मशीनमधी नाय, एवढं कळतं की नाय?" बुधाजींच्या हाताखालून गेलेल्या एकाचंही बोट पुढे गेलं नाही. नानांनी ते रुचिताला दिलं. टोपीनं तिचं कपाळ झाकलं जायचं, म्हणून तिचा हात कानशिलाला लागायचा. आणि कॅमेऱ्याला तो फोन वाटायचा. त्या दिवसात एकोणीस वेळा मशीन अडकलं, एकोणीस वेळा पोरीनं आपली बोटं सांभाळली, आणि त्याची शिक्षा तिला झाली!

नानांनी सगळं सांगितलं. उठून उभे राहून, हात करून दाखवलं. किरण साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाना, तुमच्याबद्दल आदर आहे. पण ही सिस्टीम अठ्ठ्याण्णव टक्के अचूक आहे. शेजारच्या मशीनवर रूपेश आहे, त्याचा एकही रिपोर्ट नाही. तो नाही करत नमस्कार?"

नानांनी पडद्याकडे पाहिलं. शेजारच्या मशीनवर रूपेश मान खाली घालून उभा होता आणि त्याचा अंगठा मांडीपाशी खालीवर होत होता. गेट चुकवून आणलेला फोन मांडीच्या उंचीवर, कॅमेऱ्याच्या नजरेआड. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पण नानांनी तोंड उघडलं नाही. चुगली हा धंदा त्यांनी जन्मात केला नव्हता. जाता जाता रूपेशला गाठून मात्र एवढं सांगितलं, "मेल्या, फोन बघत मशीन चालवतोस. बोटं मोजून ठेव, नंतर हिशोब लागायचा नाय."

ओमकारला त्यांनी एकच विचारलं. "बाबा, ह्याला शिकवला कसा?"

"हजारो फोटो दाखवून, काका. हात कानाजवळ, फोन. हात कानाजवळ, फोन."

"त्यात हात डोक्याला लावून नमस्कार करनाऱ्याचा एक तरी फोटो व्हता?"

ओमकारनं डोकं खाजवलं. "नसावा."

"मग त्याची काय चूक? त्यानं आपली मानसं बघितलीच नाईत."

किरण साहेब म्हणाले, "ते सगळं चौकशीत सिद्ध करा. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी बसू." नाना दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"साहेब, खंडेनवमीला मशीनची पूजा असती. आमा निवृत्त लोकांना बोलावता तुमी. त्या दिवशी कॅमेरे चालू ठेवाल?"

"चालूच असतात. आता तर आठ लावलेत. का?"

"बरं दिसतं," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर ना सिनेमा होता, ना परदेश. 'मी लिहिलं होतं, कॅमेरा खोटं बोलत नाही. ते चुकलं. कॅमेऱ्याला जेवढं शिकवलं तेवढंच तो बोलतो, आणि शिकवणाऱ्यानं आपल्याला कधी पाहिलेलं नाही. रुचिता पारधी फोनवर बोलत नव्हती. मी तिच्यावर शंका घेतली, तेही चुकलं. दशरथ बडेकर.' बसची वाट बघणाऱ्यांनी ते वाचलं आणि सगळे नानांकडे बघायला लागले. चारचौघांत असं लिहायला छाती लागते. नानांचे कान लाल झाले होते, पण ते स्टूल घेऊन तिथंच उभे राहिले. दुपारपर्यंत ते वाडीत पोचलं आणि तिसऱ्या दिवशी रुचिता खाली आली. फळा वाचला. मग म्हणाली, "अक्षर बिघडलंय तुमचं."

"चूक लिवायची सवय नाय गं."

"चौकशीला किती वाजता जायचं?"

नानांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते म्हणाले, खंडेनवमीला पूजेला ये, माझ्या घरची म्हणून ये, ललितासोबत. तर बाईसाहेब ताठ. "मी पाहुनी म्हनून गेटातून आत जानार नाय. कामगार म्हनून जाईन, नायतर नाय." नानांना राग यायला हवा होता, पण आला नाही.

खंडेनवमीला शेड धुऊन पुसून लखलखीत झाली. पंचिंग मशीनला झेंडूच्या माळा, पाना-पकडींची आरास, पुढे रांगोळी. मुंबईहून शेठ आले होते. कामगार, त्यांच्या घरची माणसं, नानांसारखे निवृत्त, सगळे मिळून सव्वाशे जण. किरण साहेबांनी सकाळीच जाहीर केलं होतं की आज साहेबांसकट सगळ्यांनी फोन गेटवर ठेवायचे, शिस्त म्हणजे शिस्त. नानांना एवढा आनंद झाला की त्यांनी साहेबांना दोन पेढे जास्त दिले.

आरती झाली. ताम्हन फिरायला लागलं. आधी शेठनी ज्योतीवरून दोन्ही हात फिरवले आणि तोंडावरून, कानशिलांवरून, डोक्यावरून नेले. मग किरण साहेब. त्यांना घरची सवय, ते तीनदा घ्यायचे. मग ओमकार, मग भटजी स्वतः, मग एकेक करत सगळी शेड. नाना मागे उभे राहून फक्त हात बघत होते. सव्वाशे माणसांचे हात ज्योतीवरून कानाकडे जात होते आणि वर आठ कॅमेरे टकामका बघत होते. नानांना हसू आवरेना. ललितानं कोपर मारलं. "देवाच्या फुडं काय दात काढता?"

"देव पावतोय," नाना म्हणाले.

दसरा झाला. चौकशीच्या सकाळी रुचिता आणि नाना ऑफिसात जाऊन बसले. रुचिता नेहमीच्या कामाच्या कपड्यांत आली होती. किरण साहेबांनी फाईल उघडली, घसा साफ केला, एवढ्यात ओमकार हातात कागदांचा गठ्ठा घेऊन आत आला. चेहरा पडलेला.

"सर, सुरू करण्याआधी हे बघा. नवमीचा रिपोर्ट. सिस्टीमनं आपोआप पाठवलाय. मुंबईच्या ऑफिसलाही गेलाय."

"काय आहे?"

"फोनवर बोलण्याचे दोनशे चौदा प्रकार. वीस मिनिटांत."

किरण साहेबांनी कागद ओढून घेतला. पहिल्या पानावर पहिला फोटो शेठचा. डोळे मिटलेले, दोन्ही हात दोन्ही कानशिलांना, भोवती दोन लाल चौकोन. म्हणजे शेठ एकाच वेळी दोन फोनवर बोलत होते. त्याखाली किरण साहेब. त्याखाली पुन्हा किरण साहेब. त्याखाली पुन्हा. चौथ्या ओळीत भटजी.

नानांनी हळूच विचारलं, "साहेब, त्या दिवशी तुमचा फोन कुठं व्हता?"

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला आणि वरच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून तो अर्ध्यातच थांबवला. रुचिता फस्सकन हसली. ओमकारही हसला. मग साहेबांना स्वतःलाच हसू फुटलं. मघाशी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

"झालं तर मग," फाईल मिटत ते म्हणाले. "विषय संपला. रुचिता, उद्यापासून कामावर ये. गेलेल्या दिवसांची हजेरी लावू. कायमचं पत्र एक तारखेला मिळेल. चहा घेणार?"

नाना उठायलाच लागले होते. जिंकलो होतो की! पण रुचिता बसून राहिली.

"नाय साहेब."

"आता काय?"

"माज्या नावाची नोटीस गेटवर बारा दिवस हाय. सगळ्या शिफ्टनी वाचली. वाडीत गेली. माज्या सासूला बाजारात बाईनं विचारलं, तुमची सून फोनवर कोनाशी बोलती एवढं? तवा विषय असा हितं चहावर संपनार नाय. जिथं लावलं तिथं उत्तर लावा. तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आनि हात कपाळाला लावायचा नियम खाली लिवा. नव्या पोरांना शिकवायचा म्हनून लिवा."

साहेबांनी नानांकडे बघितलं. म्हणजे, तुम्ही वडीलधारे, समजवा जरा हिला. नाना युनियनच्या राजकारणात मुरलेले, कुठं ताणायचं आणि कुठं सोडायचं हे त्यांना पाठ. आणि खरं सांगायचं तर नानांना भीती वाटली. पत्र अजून हातात पडायचं होतं. पण नानांनी गप्प बसायचं ठरवलं. एकदा तोंड घालून बघितलं होतं त्यांनी, आणि तेवढं पुरे होतं. ते टेबलावरच्या गठ्ठ्यातला शेठचा फोटो बघत बसले.

साहेबांनी कंप्युटर पुढे ओढला. टाइप केलं, कागद काढला, रुचितापुढे ठेवला. तिनं बोट ठेवून सावकाश वाचला. मग बोट एका शब्दावर थांबलं.

"हे काय लिवलंय? 'गैरसमजातून.'"

"म्हणजे गैरसमज झाला होता ना."

"गैरसमज दोघांचा असतो, साहेब. मी काय समजले चुकीचं? हितं 'चूक' लिवा. कंपनीची चूक."

नानांचा ऊर भरून आला. एवढी वर्षं त्यांनी फळ्यावर मोठमोठ्या कंपन्यांना आणि त्यांच्या मालकांना शब्द सुनावले होते, पण कोणाच्या समोर बसून, त्याच्याच हातानं, त्याच्याच कागदावर एक शब्द बदलून घेणं त्यांना कधी जमलं नव्हतं. ही पोर ते करत होती, आणि तिचा आवाजही चढला नव्हता.

किरण साहेबांनी दीर्घ श्वास घेतला. शब्द खोडला, नवा घातला, पुन्हा कागद काढला, आणि न सांगता खाली सही केली.

दुपारची शिफ्ट बदलायच्या वेळेला त्यांनी स्वतः तो कागद गेटच्या बोर्डावर लावला. जुनी नोटीस काढली, आणि नानांनी सांगितल्यावरून नानांचं वाक्यही काढलं. आत जाणाऱ्या बाया थबकल्या, बाहेर येणाऱ्या बाया थबकल्या. पुढे उभी होती ठकी, रुचिताच्याच वाडीतली, गठ्ठे बांधायच्या कामावरची. तिला वाचता येत नव्हतं. तिनं रुचिताचा दंड धरला.

"मला वाचून दाव गं. मोठ्यानं वाच, मागं बी ऐकू जाऊ दे."

रुचिता बोर्डाकडे वळली. "'रुचिता शुक्रा पारधी, पंचिंग विभाग, यांच्यावर लावलेला आरोप खोटा होता. त्या मशीनवर फोन वापरत नव्हत्या, सुरक्षिततेचा नियम पाळत होत्या. ही कंपनीची चूक आहे. त्यांना एक नोव्हेंबरपासून कायम करण्यात येत आहे. मशीनमधून काढलेला हात कपाळाला लावून मगच बटण दाबावे, हा नियम नव्या कामगारांना शिकवला जाईल.'"

कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी शिट्टी घातली. आतून भोंगा झाला, शिफ्ट सुरू झाली, वॉचमन चला चला म्हणून ओरडायला लागला. कोणी हलेना. ठकीनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा बोर्डाकडे बोट केलं.

"ते कंपनीची चूक म्हनतात ते कुठं लिवलंय? तिथनं परत वाच."

रुचितानं तिथून परत वाचलं.